आभासी पिनबॉल : धक्का हाताला की कानाला?

पिनबॉलचे खरे यंत्र आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिलेले असते. खिळे ठोकलेल्या तिरप्या फळीवर स्प्रिंगच्या दांड्याने गोळी उडवायची आणि ती कोणत्या खणात पडते ते पाहायचे, हे खेळणे मात्र अनेकांनी लहानपणी हाताळले असेल. पिनबॉल हे त्याचेच थोरले भावंड. अमेरिकी कारखान्यांनी या फळीला वीज जोडली. १९३३ साली हॅरी विल्यम्स यांच्या ‘कॉन्टॅक्ट’ या यंत्रात विद्युतचुंबक गोळीला ढकलू लागला. १९४७ साली गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’त फ्लिपर आले. फ्लिपर म्हणजे बटण दाबताच उसळून गोळी परतवणारे, छोट्या वल्ह्यासारखे हात. २७ मिलिमीटर व्यासाची, सुमारे ८० ग्रॅम वस्तुमानाची पोलादी गोळी या चुंबकांच्या तडाख्यांनी धावत असते आणि प्रत्येक तडाखा पेटीवर टेकलेल्या तळहातांना जाणवतो.

अमेरिका-युरोपातले हौशी लोक आता हे यंत्र घरीच ‘आभासी’ रूपात बांधतात. पेटी तशीच लाकडी; पण काचेखाली फळीऐवजी दूरदर्शनचा सपाट पडदा आणि पोटात संगणक. रँडी डेव्हिस यांची ‘व्हिज्युअल पिनबॉल’ ही आज्ञावली २००० साली आली, तेव्हापासून या छंदाने मूळ धरले. पडद्यावरची गोळी हुबेहूब धावते, पण ती गोळी नव्हे, प्रकाश आहे. तिला ढकलायला चुंबक लागत नाही, म्हणून धक्काही बसत नाही. मग तो वेगळा आणावा लागतो. सॉलेनॉइड (पाठ्यपुस्तकातले नालकुंतल, मध्ये सरकणाऱ्या लोखंडी दांड्यासह), काँटॅक्टर, थरथरणारी मोटर, पंखा, घंटा असा संसार पेटीत मांडला जातो. यांतले काय घ्यावे याविषयीचा सल्ला विपुल आहे, आणि त्यातला बराचसा कष्टाने, प्रत्यक्ष बांधून पाहून दिलेला आहे. तरी तो वाचताना आम्हाला एक गोष्ट सतत खटकते. ‘कोणता भाग खऱ्या यंत्रासारखा?’ असे सारेच विचारतात. ‘हा धक्का शरीराच्या कोणत्या इंद्रियासाठी?’ असे क्वचितच कुणी विचारतो.

प्रचलित मांडणी पाहू. तीत दहा ठोके देणारे भाग असतात : दोन फ्लिपरसाठी, दोन त्यांच्या वरच्या बाजूस असणाऱ्या रबरी उसळपट्ट्यांसाठी, आणि सहा पेटीच्या मधल्या व मागल्या भागात, डावीकडे-मध्ये-उजवीकडे असे विखुरलेले. पडद्यावर गोळी जिथे आदळेल तिथला भाग वाजावा, ही कल्पना. कल्पना सुरेख आहे. पण खेळाडूचे तळहात पेटीच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवर असतात. मागे कुठेही ठोका पडला तरी हातांपर्यंत पोचेतो सारी पेटी एकसंध हलते. डावा-उजवा भेद हाताला कळतो. मागच्या रांगेतल्या मधल्या ठोक्यात आणि उजव्या ठोक्यात भेद करणे हाताला जवळपास अशक्य आहे. तो भेद करतो कान. दोन कानांपर्यंत ध्वनी पोचण्यातला सेकंदाच्या काही लक्षांश भागांइतका फरकही मेंदू टिपतो. म्हणजे मागचे सहा भाग जड, महाग व तापणारे असूनही कानाचेच काम करतात, आणि ते काम पेटीच्या भिंतींना आतून चिकटवलेले ध्वनिकंपक स्वस्तात व सुरक्षितपणे करतात. हे कंपक म्हणजे कागदी शंकू काढून टाकलेला लाउडस्पीकरच. शंकूऐवजी लाकूड हलते. आपल्या त्वचेतल्या कंपनग्राही पेशिका सेकंदाला २०० ते ३०० कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतात आणि हा पट्टा कंपकाच्या आवाक्यात येतो. त्याला जमत नाही तो एकच सणसणीत तडाखा. त्यासाठी वस्तुमान हलून थांब्यावर आदळलेच पाहिजे. तेव्हा खरे आदळणारे भाग पुढे, हाताजवळ, चारच घ्यावेत आणि मागची जागा कंपकांना द्यावी असे आमचे मत आहे. दहाचा आकडा हा सवयीचा आकडा आहे.

आता त्या चारांविषयी. काँटॅक्टर हा या छंदातला सर्वांत गमतीदार शोध. शेतपंपाच्या स्टार्टरचे हिरवे बटण दाबल्यावर पेटीतून ‘खाट्’ असा आवाज येतो, तो याचाच. मोटरची मोठी विद्युतधारा जोडणे-तोडणे हे त्याचे काम. आवाज हा त्या कामातला उपद्रव. इथे नेमका उपद्रवच विकत घेतला जातो आणि विद्युतसंपर्क रिकामे राहतात! त्याचे खरे बळ वेगळ्याच गोष्टीत आहे : त्याची कॉइल दिवसभर चालू राहावी अशीच बनवलेली असते, ती काही वॅटवर भागते आणि तापून जळत नाही. उणीव ही की एकदिश विद्युतधारेवर चालणारा काँटॅक्टर मिटायला कित्येक मिलिसेकंद लागतात. हा उशीर ४० मिलिसेकंद धरला तर सेकंदाला २ मीटर वेगाने जाणारी गोळी तेवढ्यात ८ सेंटिमीटर पुढे जाते.

हा उशीर सर्वत्र सारखाच घातक नाही, आणि इथेच रूढ सल्ला सरसकट होतो. गोळी उसळपट्टीवर आदळते तेव्हा खेळाडूला फक्त पडदा दिसत असतो. आणि पडदाही संगणकामागे थोडा रेंगाळतच असतो. दोन्ही उशीर जवळपास सारखे असले तर चित्र आणि ठोका जुळतात. फ्लिपरचे तसे नाही. तिथे बटण स्वतःच्या बोटाने दाबलेले असते आणि बोट पडद्याची वाट पाहत नाही. म्हणून उसळपट्ट्यांना काँटॅक्टर चालेल, फ्लिपरला चपळ सॉलेनॉइडच हवा.

पण फ्लिपरची आणखी एक अडचण आहे. खेळाडू बटण दाबून धरतो आणि साधा सॉलेनॉइड तेवढा वेळ विद्युतधारा सोसत नाही. जुन्या यंत्रांच्या अभियंत्यांनी यावर दोन गुंडाळ्यांची कॉइल काढली. एकीचा रोध सुमारे ४ ओहम, दुसरीचा शंभराहून अधिक. ५० व्होल्टवर पहिली १२ अँपिअरच्या आसपास धारा घेते, म्हणजे ६०० वॅट. फ्लिपर पूर्ण उचलला गेला की एक स्विच उघडतो, धारेला दुसरीतूनही जावे लागते आणि शक्ती २५ वॅटच्या खाली येते. ‘अस्सल’ फ्लिपर-कॉइल घ्या असा सल्ला देणारे अस्सलपणाचे गुण गातात. आमच्या मते ती घेण्याचे योग्य कारण ही दुसरी गुंडाळी आहे. अस्सल जोर इथे नकोच आहे. खऱ्या यंत्रात चुंबकाच्या ऊर्जेतला वाटा गोळी घेऊन जाते. सेकंदाला ३ मीटर वेगाच्या गोळीत ०.३६ ज्यूल असतात. इथे गोळी नाही, तेव्हा तेवढी भर थांब्यावरच आदळते. तीच कॉइल २४ व्होल्टवर चालवली तर शक्ती चौथाईहूनही कमी होते आणि धक्का हाताला पुरतो.

थरथरणारी मोटर सर्वांना आवडते. १९८९ सालच्या ‘अर्थशेकर’ या विल्यम्स कंपनीच्या यंत्रात भूकंपासाठी ती वापरली होती. मोबाइलमधली थरथर हे तिचेच चिमुकले रूप. अक्षापासून बाजूला बसवलेले वस्तुमान फिरते आणि बल = वस्तुमान × त्रिज्या × कोनीय वेगाचा वर्ग. २०० ग्रॅमचे वजन अक्षापासून २ सेंटिमीटरवर सेकंदाला २५ फेरे घेऊ लागले की बल जवळजवळ १०० न्यूटन होते. वेग निम्मा केला की २५ न्यूटन. खरेदी करताना मोटर किती व्होल्टची हे पाहतात. पाहावे ते फेऱ्यांकडे.

या मोटरची दुसरी बाजू फारशी चर्चेत येत नाही. खेळाडू पेटीला हलका हिसका देऊन गोळी वळवतो. आभासी यंत्रात तो हिसका टिपायला त्वरणमापक असतो. पेटी १०० किलोग्रॅमची धरली तर वरच्या १०० न्यूटननी तिला वर्गसेकंदाला सुमारे १ मीटर त्वरण मिळते. खेळाचा उतार साडेसहा अंशांचा. त्या उतारावर गुरुत्वाचा घटकही १.१ मीटर, म्हणजे जवळपास तेवढाच! कृत्रिम भूकंप झाला की त्वरणमापकाला तो खेळाडूचाच हिसका वाटतो आणि पडद्यावरची गोळी विनाकारण डगमगते. कंपनाची दिशा दर अर्ध्या फेऱ्याला उलटते, म्हणून सरासरी काढून ते गाळता येते. पण सरासरीला वेळ लागतो आणि खऱ्या हिसक्याची दाद उशिरा लागते. मोजणारे उपकरण आणि हलवणारे उपकरण एकाच फळीवर बसवल्याची ही किंमत आहे. मोटर लहान घ्यावी, मापकापासून दूर बसवावी, आणि खेळात क्वचितच वाजवावी.

सर्वांत कमी जागा मिळते ती आगीच्या प्रश्नाला. संगणक अडकला आणि कॉइल चालूच राहिली तर? त्या ६०० वॅटच्या गुंडाळीत १५० ग्रॅम तांबे धरा. तापमान सुरुवातीला सेकंदाला दहा अंशांनी चढते. तांब्याचा रोध तापल्यावर वाढतो म्हणून पुढे वेग मंदावतो. तरीही वीस सेकंदांच्या आत दीडशे अंशांची वाढ होते. तारेवरचे वार्निश करपू लागते, आणि भोवती प्लायवुड आहे. ‘पिनस्केप’सारख्या नियंत्रकात कॉइल ठरावीक काळानंतर बंद करण्याची किंवा तिची शक्ती कमी करण्याची सोय आहे. तो संगणकावर विसंबत नाही ही त्याची मोठी जमेची बाजू. पण धारा सोडणारा मॉस्फेट बिघडतो तेव्हा बहुधा ‘चालू’ अवस्थेतच चिकटतो, आणि मग नियंत्रकाची आज्ञा व्यर्थ ठरते. तिथे फक्त फ्यूज वाचवतो, आणि तोही प्रत्येक कॉइलचा स्वतंत्र. सर्वांना मिळून एकच १० अँपिअरचा फ्यूज लावला तर २४ व्होल्टवर ६ अँपिअर घेणारी अडकलेली कॉइल त्याला कळतसुद्धा नाही. सुट्या भागांच्या याद्यांमध्ये चार प्रकारच्या घंटा असतात आणि फ्यूज शेवटच्या ओळीत असतो, हे आम्हाला मान्य नाही. कॉइलला उलटा डायोड जोडण्याचेही तसेच. तो नसेल तर धारा तुटताना उपजणारे विभवांतर मॉस्फेटचाच बळी घेते.

यातला पहिला मुद्दा वर्गात तपासता येतो. दारावरच्या ‘टिंग-टाँग’ घंटेत सॉलेनॉइडच असतो. घरगुती विजेची घंटा मुलांच्या हाती देऊ नये; ६ किंवा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी आणावी. तिच्या पट्ट्या काढून दांडा लाकडी फळीवर आदळेल अशी ती बसवावी. फळीच्या एका कडेवर विद्यार्थ्याने डोळे मिटून तळहात टेकावेत. दुसऱ्याने घंटा दूरच्या कडेला कधी डावीकडे, कधी मध्ये, कधी उजवीकडे धरून वाजवावी. वीस वेळा कान उघडे ठेवून आणि वीस वेळा कानांत कापसाचे घट्ट बोळे घालून किती उत्तरे बरोबर येतात ते फळ्यावर लिहावे. नुसत्या अंदाजाने तिनातले एक बरोबर येईलच, हे मोजताना ध्यानात ठेवावे.