गाणे की मृत्युपत्र?

कलावंताच्या निधनानंतर प्रकाशात येणाऱ्या कृतीकडे रसिक दोन दृष्टींनी पाहतो: एक कृती म्हणून, दुसरी पुरावा म्हणून. ‘निर्वाणा’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या ‘यू नो यू आर राइट’ या गाण्याच्या वाट्याला दुसरी दृष्टीच अधिक आली. हा त्या गाण्यावर अन्याय झाला, असे आमचे मत आहे.

१९८० नंतरच्या दशकात सिएटल शहराच्या परिसरात ‘ग्रंज’ ही रॉक संगीताची शाखा उदयास आली. पंकचा उद्दामपणा आणि हेवी मेटलचा जडशीळ नाद यांचा तो संकर होय. १९९१ च्या ‘नेव्हरमाइंड’ या संग्रहामुळे निर्वाणाची कीर्ती जगभर पसरली. गायक कर्ट कोबेन हा तिचा प्राण होता.

जानेवारी १९९४ मध्ये वाद्यवृंदाने सिएटलच्या उत्तरेस असलेला रॉबर्ट लँग स्टुडिओ तीन दिवसांकरिता घेतला. कोबेन आला तो अखेरच्या दिवशी, ३० तारखेस. ॲडम कॅस्परच्या देखरेखीखाली त्या दिवशी हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. पुढे ५ एप्रिल रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी, कोबेनने आत्महत्या केली आणि ते मुद्रण पेटीत पडून राहिले.

१९९७ मध्ये क्रिस्ट नोव्होसेलिक व डेव्ह ग्रोल हे सहकारी आणि कोबेनची विधवा कोर्टनी लव्ह यांनी मिळून भागीदारी संस्था स्थापन केली. २००१ मध्ये सहकाऱ्यांनी अनेक तबकड्यांचा संच काढण्याचे योजिले, तेव्हा लव्हने न्यायालयात धाव घेतली. असे गाणे त्या ढिगात हरवेल, ते एकाच तबकडीच्या निवडक संग्रहात यावे, असे तिचे म्हणणे. २००२ मध्ये तडजोड झाली आणि २९ ऑक्टोबर रोजी निवडक संग्रहातच ते प्रसिद्ध झाले. मोठा संच २००४ मध्ये निघाला.

कोर्टाने गाण्याचा ताबा कोणाकडे, एवढेच पाहावे. त्याचा अर्थ ठरविणे हे त्याचे काम नव्हे. पण श्रोत्यांनी मात्र आठ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर हे गाणे मृत्युपूर्व जबानी म्हणून ऐकले. कायद्यात अशी जबानी ग्राह्य होण्यास ती मृत्यूच्या कारणाशी वा त्या घटनाक्रमाशी निगडित असावी लागते. येथे तसे काय आहे? २३ ऑक्टोबर १९९३ रोजी शिकागोच्या अरॅगॉन बॉलरूममध्ये हे गाणे श्रोत्यांसमोर सादर झाले होते, म्हणजे मृत्यूच्या पाच महिन्यांहून अधिक आधी. ते निरोपाकरिता रचले होते, असे मानण्यास आधार नाही.

आता गाणे ऐकावे. आरंभी तारांचा किणकिणता, काहीसा बेसूर नाद. त्यावर खालच्या पट्टीतील नम्र वाटणारा स्वर. मग एकाएकी ढोल आणि गिटारीचा कल्लोळ. एकच अक्षर इतके ताणले जाते की शब्द उरत नाही, आक्रोश उरतो. शेवटी शीर्षकातील शब्द पुनःपुन्हा येतात. ‘तुझेच खरे’ असे शरणागतीने म्हणता म्हणता त्यातला उपरोध धारदार होतो. हळू आणि चढ्या आवाजाची ही आलटापालट वाद्यवृंदाची जुनीच रीत होती. तिच्यात नावीन्य नाही. पण ती येथे पूर्ण प्रभुत्वाने हाताळली आहे, आणि हे प्रभुत्व कारागिराचे असते, विझत्या माणसाचे नव्हे.

दुःखी माणसाने रचलेले गाणे आणि माणसाचे दुःख, या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिलीचे मूल्यमापन करता येते. दुसरीपुढे मौन पाळणेच उचित.