साथ आणि संवाद : बीथोव्हेनचे पाच चेलो-सोनाटे

साथीचा प्रश्न आपल्या संगीतास नवा नाही. कीर्तनकाराच्या मागे बसणारा पेटीवाला, गवयाच्या सुरास सूर जोडणारा सारंगिया हे आपल्या लेखी नेहमीच 'मागचे'. पेटीच्या वाट्यास तर याहून अधिक उपेक्षा आली. नभोवाणीने १९४० साली तिला हद्दपार केले, आणि ती बंदी सैल होण्यास तीन दशके लागली. ज्या बेळगावात रामभाऊ विजापुरे यांनी आपले दीर्घ आयुष्य या वाद्यास वाहिले, तेथील रसिकांस साथीदाराची योग्यता नव्याने सांगावयास नको. परंतु साथ कोठे संपते आणि संवाद कोठे सुरू होतो, हे पाहावयाचे असेल तर लुडविग फान बीथोव्हेन (१७७०–१८२७) याने चेलो व पियानो यांसाठी रचलेल्या पाच सोनाट्यांकडे वळावे. आपल्या कॅम्पात मिलिटरी महादेवाचे देऊळ आहे, तसे सेंट मेरीचे चर्चही आहे. परक्या सुरांचे वावडे येथल्या कानांस असू नये.

चेलो हे गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवावयाचे चार तारांचे वाद्य. त्याचा आवाज पुरुषाच्या कंठाशी जवळीक सांगतो. सारंगीप्रमाणे त्याला तरफा नाहीत. पण गळ्याशी असलेले नाते तेच. पूर्वी त्याचे मुख्य काम खालचा सूर धरून ठेवण्याचे. हायडन व मोझार्ट या थोरांनीही या दोन वाद्यांसाठी पूर्ण सोनाटा लिहून ठेवलेला नाही. बीथोव्हेनला मळलेली वाट नव्हती.

पहिले दोन सोनाटे (कृती क्र. ५) १७९६ सालचे, बर्लिनमधले. प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिख विल्हेल्म स्वतः चेलो वाजवी. त्याच्या दरबारात ते सादर झाले. पियानोवर खुद्द बीथोव्हेन होता. त्या काळच्या रीतीस अनुसरून मुखपृष्ठावर मान पियानोचा आहे, आणि रचनाही तेच सांगते. तरुण वादकाचा हात पटावर धावतो, चेलो पुष्कळदा त्याच्या सावलीने चालतो. तेज आहे, परंतु तोल नाही. दोन्हींत स्वतंत्र विलंबित भाग नाही, हेही सूचक आहे. दीर्घ सुरात चेलोशी बरोबरी करणे पियानोस अवघड. त्याचा सूर उमटताच विरू लागतो.

१८०८ साली पूर्ण झालेल्या तिसऱ्या सोनाट्यात (कृती क्र. ६९) हे कोडे सुटते. आरंभ एकट्या चेलोने होतो. तो शांतपणे बोलतो, थांबतो. उरलेले वाक्य पियानो पुरे करतो. मग पियानो तीच गोष्ट सांगू लागतो आणि तिचा शेवट चेलोच्या हाती येतो. एकाचे वाक्य दुसऱ्याने पुरे करावे, हा सख्याचाच प्रकार होय. दुसऱ्या भागात मात्रेच्या आधीच येणारा आघात कानास चकवतो. खाप्रुमामा पर्वतकरांच्या लयकारीच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांस ही चकवाचकवी गोड लागेल. मात्र येथे उपज नाही, सारे आधी लिहिलेले. तरीही ते आत्ताच सुचल्यासारखे वाटावे, यात रचनाकाराचे यश आहे.

अखेरचे दोन सोनाटे (कृती क्र. १०२) १८१५ सालचे. तोवर बीथोव्हेनची श्रवणशक्ती जवळजवळ गेली होती. पाचव्या सोनाट्यात अखेर तो पूर्ण विलंबित भाग येतो, आणि त्यात दोन्ही वाद्ये एकाच प्रार्थनेस बसल्यासारखी वाटतात. त्यामागून येते 'फ्यूग'. एका बाजूने उचललेली ओळ दुसऱ्या बाजूने मागाहून घ्यावी, दोन्ही चालू राहाव्यात, आणि तरी गलका न होता एकच इमारत उभी राहावी, असा हा बंध. पहिल्या ऐकण्यात तो रुक्ष भासतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु येथे पुढचा कोण व मागचा कोण, हा प्रश्नच उरत नाही.

एक उणीव रचनेची नव्हे, वादनाची. आजचा पियानो बीथोव्हेनच्या काळच्या पियानोहून फार बलदंड आहे. वादकाने हात आवरला नाही, तर चेलो बुडतो. आपल्या उत्सवांतही असेच घडते. ध्वनिक्षेपक गवयापुढे, पेटी व तबला दूर. निमंत्रणपत्रिकेवर एक नाव ठळक, उरलेली बारीक टाइपात. देवापुढे सेवा सर्वांची सारखी, असे आपण मानतो. मग ही सेवा ऐकू येण्याची व्यवस्थाही सारखी का नसावी? बीथोव्हेनला मागच्या वाद्यास पुढच्याच्या बरोबरीने बसविण्यास एकोणीस वर्षे आणि पाच कृती लागल्या. आपल्या मंडपात त्यासाठी एवढा काळ लागण्याचे कारण नाही. थोडी जागा आणि थोडा कान पुरे.