वेतनाचें अदान आणि १९४९ चा एक निर्णय

आधुनिक कामगार-कायद्याचीं मुळें स्मृतिग्रंथांत दाखविण्याचा प्रघात आपल्याकडे रूढ आहे. मनूच्या अठरा व्यवहारपदांतील वेतनाचें अदान व संविदेचा व्यतिक्रम हीं दोन पदें आणि कौटिल्याचे ‘संघभृत’ यांचा उल्लेख केला कीं, कामगार-संघ व मालक यांच्यामधील करारांचा वाद प्राचीन ठरतो. हें मत ग्राह्य नाहीं, हें मुंबईच्या एका खटल्यावरून दिसून येईल.

वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन विरुद्ध मुंबईचें औद्योगिक न्यायाधिकरण हा वाद १९४९ सालीं फेडरल कोर्टानें निकालांत काढला. कामावरून काढलेल्या नोकरांस परत घ्यावें, असा हुकूम न्यायाधिकरणास देतां येतो काय, हा प्रश्न होता. १८७७ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टाप्रमाणें व्यक्तिगत सेवेचा करार बळानें पाळावयास लावतां येत नसे. नोकरास फार तर नुकसानभरपाई मिळे. तथापि न्या. मेहरचंद महाजन यांनीं दिलेल्या निर्णयानें तो अधिकार मान्य केला. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याच्या व्याख्येंत नोकरी असण्याबरोबर ती नसण्याचाहि वाद समाविष्ट होता. शास्त्रांतील कोणतेंहि पद व्यर्थ मानूं नये, ही मीमांसकांची दृष्टि येथें लावावी. नोकरी नसण्याचा वाद सोडवावयाचा तर ती परत देण्याचा अधिकार त्यांत आलाच. म्हणून निर्णयानें करार धाब्यावर बसविला, हा आक्षेप टिकत नाहीं.

परंतु निर्णय स्मृतींचा अनुवादहि नव्हे. कौटिल्याचे संघभृत आपलें वेतन ठरल्याप्रमाणें अथवा समान वांटून घेत. मालकाशीं नव्या अटी ठरविण्यासाठीं तो संघ नव्हता. ठरवून ठेवलेल्या भृतकास काम करूं न देणाऱ्या मालकास कौटिल्य बारा पण दंड सांगतो. गेलेलें काम परत देवविण्याची योजना तेथें नाहीं. १९४९ च्या निर्णयानें मात्र मूळ करारांत नसलेली अटहि न्यायाधिकरणास घालतां येईल, असें ठरविलें. हा भेद प्रमाणाचा नसून स्वरूपाचा आहे.

वसईनजीक वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत राबणाऱ्यास भरपाई आणि काम यांतील अंतर समजावून द्यावें लागत नाहीं. अशा हक्कास सनातन म्हणण्यानें प्राचीनांचा गौरव होत नाहीं, आणि तो ज्यांनीं भांडून मिळविला त्यांचें श्रेय मात्र हिरावलें जातें. शिवाय जें अमुक सालीं मिळालें तें पुढें जाऊंहि शकतें, हें भान सुटतें. संशोधकानें शब्दसाम्यास परंपरा समजूं नये.