अदृश्य जखमांची टक्केवारी : अमेरिकी माजी सैनिकांच्या अपंगत्व-मूल्यांकनाची चिकित्सा

प्रास्ताविक

युद्धात गमावलेला हात अथवा पाय सर्वांना दिसतो. गमावलेली झोप, एकाग्रता अथवा स्मरणशक्ती दिसत नाही. अफगाणिस्तान (२००१) आणि इराक (२००३) येथील युद्धांत झालेल्या स्फोटांनी अशा अदृश्य जखमांचा प्रश्न ऐरणीवर आणला. रँड या संशोधन संस्थेच्या २००८ च्या अहवालानुसार, तोपर्यंत तेथे पाठविलेल्या सुमारे १६ लाख ४० हजार अमेरिकी सैनिकांपैकी अंदाजे ३ लाख जणांना आघातोत्तर तणाव विकृती अथवा नैराश्य होते, तर सुमारे ३ लाख २० हजार जणांच्या मेंदूला इजा झाली असण्याची शक्यता होती. अशा सैनिकांना भरपाई देण्यासाठी तेथील माजी सैनिक व्यवहार विभाग त्यांच्या अपंगत्वाची टक्केवारी ठरवितो. ही टक्केवारी इजेचे मोजमाप करते की इजेच्या पुराव्याचे, या प्रश्नाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परीक्षेचे स्वरूप

भरपाईसाठी सामान्यतः तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात : आजचे निदान, सेवाकाळातील घटना आणि या दोहोंतील संबंध. तपासणारा डॉक्टर निदान करतो, लक्षणे नोंदवितो आणि संबंधाविषयी मत देतो. टक्केवारी मात्र तो ठरवीत नाही. ते काम अहवाल वाचणाऱ्या निर्णय अधिकाऱ्याचे असते. संबंध असण्याची शक्यता नसण्याच्या शक्यतेइतकी जरी असली, तरी संशयाचा लाभ सैनिकास मिळतो. हे तत्त्व निःसंशय उदार आहे. २०१० च्या दुरुस्तीने शत्रूच्या हल्ल्याच्या भीतीतून उद्भवलेल्या तणाव विकृतीबाबत स्वतंत्र कागदोपत्री पुराव्याची अट बऱ्याच अंशी शिथिल केली. अडचण हक्काच्या तत्त्वात नसून तीव्रतेच्या मोजमापात आहे.

एक स्मृती, दोन मापे

मानसिक विकारांसाठी १९९६ मध्ये लागू झालेल्या सूत्रात ०, १०, ३०, ५०, ७० व १०० अशा पायऱ्या ठरविल्या गेल्या. काम आणि सामाजिक व्यवहार यांत एकंदर किती बाधा येते, हा त्याचा निकष. मेंदूच्या इजेसाठी २००८ मध्ये वेगळी पद्धत आली. तीत स्मृती, निर्णयशक्ती, सामाजिक वर्तन, संभाषण इत्यादी दहा अंगे स्वतंत्रपणे तपासली जातात आणि ज्या अंगाची पातळी सर्वांत गंभीर, तिच्यावरून ०, १०, ४०, ७० अथवा १०० टक्के ठरतात.

एकाच स्फोटाने एकाच व्यक्तीस दोन्ही विकार होऊ शकतात आणि विस्मरण, चिडचिड, निद्रानाश ही लक्षणे दोहोंतही आढळतात. नावे किंवा अलीकडच्या घटना विसरणे हे सौम्य विस्मरण मानसिक विकारांच्या सूत्रात ३० टक्क्यांच्या पायरीवरील एक उदाहरण आहे. मेंदूच्या इजेच्या तक्त्यात मात्र सौम्य विस्मरणाची केवळ तक्रार असेल, चाचणीत पुरावा नसेल, तर स्मृतीच्या अंगाला पहिली पातळी, म्हणजे १० टक्केच मिळतात. चाचणीत सौम्य दोष दिसला तर ४० टक्के. म्हणजे १० आणि ४० यांमधील अंतर विस्मरणाच्या तीव्रतेचे नसून पुराव्याच्या प्रकाराचे आहे. एकाच लक्षणासाठी दोनदा भरपाई देण्यास मनाई आहे. लक्षणे वेगळी करता येत नसतील, तर एकंदर बाधा अधिक चांगली मोजणाऱ्या एकाच निकषाने टक्केवारी द्यावी, असे नियम सांगतो. परिणामी, लक्षण कोणत्या विकाराच्या खात्यात नोंदले गेले, यावर भरपाई अवलंबून राहू शकते.

साक्षीदार कोण?

याहून मूलभूत अडचण साक्षीची आहे. परीक्षा बहुधा एका भेटीत उरकते आणि तीत आपले बरे-वाईट दिवस सैनिकाने स्वतः सांगावेत अशी अपेक्षा असते. ज्याची स्मृतीच दुखावली आहे, तो आपल्या विस्मरणाचा विश्वासार्ह साक्षीदार कसा ठरावा? स्वतःच्या वर्तनातील बदल ध्यानात न येणे हेही मेंदूच्या इजेचे लक्षण असू शकते. तणाव विकृतीत घटनेविषयी बोलणे टाळणे हे तर निदानाच्या निकषांपैकीच एक आहे. अशा व्यक्तीचे मौन ‘तक्रार नाही’ असे नोंदले गेले, तर आजाराचे लक्षणच आजाराविरुद्धचा पुरावा बनते.

दुसरी बाजू

या व्यवस्थेने काहीच सुधारणा केली नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २००८ पूर्वी डोकेदुखी, चक्कर यांसारख्या केवळ व्यक्तिनिष्ठ तक्रारींना १० टक्क्यांची कमाल मर्यादा होती. ती दूर झाली. मेंदूची इजा मुळात सौम्य होती की गंभीर, यावर आजची टक्केवारी ठरू नये, हेही नव्या नियमाने स्पष्ट केले. पात्र विशेषज्ञाकडून प्रारंभिक तपासणी न झाल्याचे उघड झाल्यावर २०१६ मध्ये २४,००० हून अधिक माजी सैनिकांना फेरतपासणीची संधी देण्यात आली. २०२२ मध्ये मानसिक विकारांचे सूत्रही निरनिराळ्या कार्यक्षेत्रांनुसार बदलण्याचा प्रस्ताव विभागाने मांडला. शिवाय वस्तुनिष्ठ चाचणीचा आग्रह निराधार नाही; सार्वजनिक निधीच्या वाटपात समान कसोटी लागतेच.

निष्कर्ष

तथापि समान कसोटी म्हणजे एकाच दिवसाची कसोटी नव्हे. मानसिक विकारांची टक्केवारी केवळ तपासणीच्या क्षणावरून न ठरविता संपूर्ण पुराव्यावरून ठरवावी, लक्षणांची वारंवारता आणि कालावधी पाहावा, असे विभागाच्याच नियमात नमूद आहे. पत्नी, आईवडील, सहकारी यांची निवेदनेही पुरावा म्हणून दाखल करता येतात. मेंदूच्या इजेत ही निवेदने दुय्यम जोडपत्रे नसून अनेकदा मुख्य साक्ष असतात. चहा चुलीवर ठेवून विसरणारा माणूस ते सांगणार नाही, घरातले सांगतील. म्हणून या व्यवस्थेची परीक्षा तिच्या तक्त्यांच्या नेमकेपणावरून नव्हे, तर स्वतःविषयी सांगू न शकणाऱ्या माणसाचे म्हणणे ती कोणाकडून आणि किती धीराने ऐकून घेते, यावरून व्हावयास हवी.