पद्धत छाटताना काय गळते?

माहिती प्रणाली विकसित करण्याची एकच पद्धत सर्व प्रकल्पांना चालत नाही. मग प्रत्येक प्रकल्पासाठी पद्धत कशी घडवायची? कुमार आणि वेल्के यांनी १९९२ मध्ये व ब्रिंककेम्पर यांनी १९९६ मध्ये मांडलेला विचार तुम्ही वाचला असेल: निरनिराळ्या पद्धतींचे सुटे भाग एका संग्रहात ठेवावेत, प्रकल्पाची परिस्थिती तपासावी आणि योग्य भाग निवडून जोडावेत. जोडणीला नियमही आहेत. माहिती-प्रवाह आकृतीवरून पुढचा आराखडा करायचा असेल, तर ती आकृती वगळता येत नाही.

विचार चांगला आहे, पण त्याचा भर जोडण्यावर आहे. प्रत्यक्ष कामात मात्र पद्धत बहुतेक वेळा छाटली जाते.

विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा निबंध उघडून पाहा. धबधबा प्रतिमानाचा उगम म्हणून त्याचे नाव घेतात. ('धबधबा' हा शब्द त्यात कुठेच नाही.) गरजांपासून चाचणीपर्यंतचे टप्पे एकाखाली एक मांडून रॉइस लगेच बजावतात, की असे काम धोक्याचे आहे. चाचणी शेवटी येते. तिथे मोठा दोष निघाला तर आराखड्यापर्यंत, कधी थेट गरजांपर्यंत मागे जावे लागते. म्हणून ते पाच उपाय देतात. एक असा, की प्रणाली नव्या प्रकारची असेल तर ती दोनदा बांधा आणि ग्राहकाला दुसरी द्या. दुसरा, ग्राहकाला मधल्या टप्प्यांवरही औपचारिकपणे सामील करून घ्या. पाठ्यपुस्तकांत आकृती राहिली, उपाय गळाले. दोनदा बांधण्याचा खर्च कोणत्या निविदेत बसणार?

आता ही छाटणी जोडणीच्या नियमांनी तपासा. ती बिनचूक ठरते! पहिली, टाकून द्यायची प्रणाली पुढच्या कोणत्याही टप्प्याला कच्चा माल म्हणून लागत नाही. ती काढली तरी उरलेले टप्पे एकमेकांत नीट बसतात. धोका सांभाळणारे भाग असेच असतात, म्हणून तेच आधी जातात. कोणता भाग कशाला जोडला आहे हे संग्रहात नोंदवले, पण तो कोणत्या भीतीपोटी ठेवला होता हे नोंदवले नाही, तर नियम त्याला वाचवू शकत नाहीत.

तुमच्या प्रकल्प अहवालात 'सुधारित धबधबा पद्धत वापरली' एवढेच वाक्य असेल, तर त्याखाली तीन गोष्टी लिहा: कोणता भाग वगळला, तो कोणता धोका अडवत होता, आणि वगळायचे कोणी ठरवले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा कोणाकडेच नसते.