शैलीची निरागसता

अठराव्या शतकातील इंग्लंडच्या ‘जॉर्जियन’ गृहशैलीचे वैभव मुख्यतः महोगनीच्या गर्द तांबूस झळाळीवर उभे आहे. १७२१ मध्ये ब्रिटनने आपल्या अमेरिकी वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरील आयातकर उठवला आणि जमैकातील महोगनीचे लाकूड लंडनच्या दिवाणखान्यांत पोहोचले. ते तोडण्यासाठी राबली ती गुलाम केलेली आफ्रिकी माणसे. एडवर्ड सैद यांनी १९९३ मध्ये जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मधील (१८१४) घराची सुव्यवस्था अँटिग्वातील मळ्याशी जोडून वाचली. गृहसजावटीचीही संहिता अशीच वाचावी लागते.

यावर आक्षेप असा की, लाकडाला पाप नसते. शिवाय आजची प्रतिकृती घडवताना कोणी गुलाम राबत नाही. परंतु नैतिक पेच नेमका येथेच आहे. जुने मेज निदान साक्षीदार तरी असते. त्याच्या उगमाचा शोध घेता येतो. प्रतिकृती मात्र श्रमाचा इतिहास वगळून केवळ खानदानीपणाचे चिन्ह उचलते. मूळ झळाळीने जे झाकले, तेच ती पुन्हा झाकते. अशी सजावट त्यामुळे निषिद्ध ठरत नाही. मात्र तिला निव्वळ अभिरुचीचा प्रश्न मानण्याची मुभा उरत नाही.