एका खेळाडूचे अभिप्राय

अभियांत्रिकी शिकणारा आमचा एक भाचा गेल्या सुटींत आमच्याकडे राहावयास आला होता. तेवढ्या अवधींत त्यानें तीन व्हिडिओ गेम पुरे केले आणि प्रत्येकाविषयींचा अभिप्राय एका वहींत टिपून ठेविला. ‘मामा, हसणार नसाल तर दाखवितों,’ अशी अट घालून त्यानें ती वही आम्हांस दिली. आम्ही हसलों नाहीं. ज्या वाचकांस हा विषय पोरकट वाटेल, त्यांनीं एवढेंच आठवावें कीं, कादंबरीवाचन हेंही एके काळीं आपल्या घरांतून वाया जाण्याचें लक्षण समजलें जात असे.

पहिला खेळ ‘राजी’ हा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें रचिलेला हा खेळ २०२० सालीं बाहेर आला. असुरांनीं पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधांत निघालेली एक मुलगी त्याची नायिका असून, दुर्गा व विष्णु तिची कथा सांगत असतात. भाचा लिहितो, ‘चित्रें अप्रतिम, पण पांच तासांत संपला, पैसे वसूल नाहींत.’ कलाकृतीचें मोल घटका मोजून ठरवूं लागल्यास वर्षभर पुरणारें पंचांग शाकुंतलाहून श्रेष्ठ ठरेल! परंतु पुढची ओळ पाहा: ‘शेवट झाला असें वाटलेंच नाहीं, कोणीतरी मध्येंच दार लावून घेतलें.’ ही मात्र खरी टीका आहे. लहान असणें हा दोष नव्हे, अपुरें राहणें हा आहे. आणि हा भेद त्यास नकळत गवसला आहे.

दुसरा खेळ ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ हा जपानी रचनाकार फुमितो उएदा यांचा, २००५ सालचा. २०१८ सालीं त्याची नवी आवृत्ति निघाली, ती भाच्यानें खेळली. मृत मुलीस सजीव करण्यासाठीं एक तरुण निर्जन प्रदेशांत सोळा महाकाय प्राण्यांचा वध करतो. त्यांतले कांहीं तर आपण होऊन कोणाच्या वाटेसही जात नाहींत. ‘आठव्यानंतर जिंकल्याचा आनंद होईना,’ असें वहींत आहे.

तिसरा ‘पेपर्स, प्लीज’ हा लुकास पोप यांचा, २०१३ सालचा. १९८२ सालच्या एका काल्पनिक राज्याच्या सीमेवर खेळणारा कारकून होऊन बसतो. तपासलेल्या माणशीं मजुरी. तींतूनच घरभाडें, अन्न, ऊब आणि आजाऱ्याचें औषध. एके दिवशीं एक गृहस्थ येतो, त्याचीं कागदपत्रें ठीक असतात. मागून येणाऱ्या त्याच्या पत्नीजवळ मात्र प्रवेशपत्र नसतें. ‘मीं तिला परत पाठविलें,’ भाचा लिहितो, ‘रात्रीं झोप आली नाहीं.’

या ‘मीं’ला आमच्या मतें फार महत्त्व आहे. कादंबरीचा वाचक ‘तिनें सोसलें’ असें म्हणतो. नाटकांतला शोक माझाही नाहीं व परक्याचाही नाहीं, म्हणूनच तो आस्वाद्य होतो, असें साधारणीकरण सांगणाऱ्या आपल्या शास्त्रकारांचें म्हणणें. येथें प्रेक्षक स्वतःच कर्ता आहे. त्यामुळें करुणेंत पश्चात्ताप मिसळतो. खेळाचे नियम दुसऱ्यानें घातलेले आहेत, हा आक्षेप खरा. परंतु शिक्का उचलणारा हात खेळणाऱ्याचाच असतो. सोळा वध टाळावयाचे तर खेळच सोडावा लागतो. सीमेवर मात्र त्या बाईस आंत सोडणें शक्य होतें. म्हणूनच तिसऱ्या खेळाचा सल अधिक खोल आहे.

तरीही वहींत त्यास दहांपैकीं सातच गुण आहेत. कारण, ‘मजा कमी.’ ‘ज्यानें तुझी झोप नेली त्यास सात?’ असें आम्हीं विचारलें. तो कांहीं वेळ गप्प राहिला व म्हणाला, ‘मामा, मग त्याला गुण कशाचे द्यावयाचे?’

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आमच्या मनांत दुसरेंच आलें होतें. प्रवेशाच्या टेबलाशीं बसून, एका दाखल्यासाठीं, आम्हींही विद्यार्थी परत पाठविले आहेत. नियम आमचा नव्हता, असें म्हणून त्या रात्रीं आम्ही स्वस्थ झोपलों होतों.